आबांच्या हयातीचे दाखले

माझ्या सासऱ्यांना मी पुढच्या वर्षापर्यंत जिवंत ठेवलं होतं आणि त्याबद्दल लंडनहून खुलासा मागवण्यात आला.

आबांनी आफ्रिकेतल्या रेल्वेत बावीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली. त्याचं पेन्शन लंडनहून आमच्या चौक गावी यायचं. तिथल्या करातून सूट मिळावी म्हणून दर जानेवारीत दोन कागद पाठवायचे: परदेशी राहत असल्याचा अर्ज आणि हयात असल्याचा दाखला. दाखल्यावर आमच्या हायस्कूलच्या हेडमास्तरांची सही चालायची. ते निवृत्त होणार कळल्यावर मी (लोणच्याच्या बरण्यांचीही यादी ठेवणारी बाई) पुढच्या सगळ्या वर्षांच्या दाखल्यांवर एका बैठकीत सह्या घेतल्या. तारखा मीच घातल्या, सुवाच्य अक्षरात. आणि पाकिटात यंदाच्याऐवजी गेला गठ्ठ्यातला दुसरा, पुढच्या वर्षाचा दाखला!

पत्र आलं: इसम पुढच्या जानेवारीत हयात असेल हे आज कसं कळलं? पंधरा दिवसांत सरकारी अधिकाऱ्याचा नवा दाखला पोचला नाही, तर सूट बंद आणि पेन्शनही. टपालालाच आठ दिवस लागायचे.

"मी जिता हाय का नाय ते मलाच इचारायचं व्हतं की," आबा म्हणाले.

खालापूरच्या कचेरीत मामलेदारसाहेबांनी पत्र तीनदा वाचलं. आबांकडे एकदाही पाहिलं नाही.

"खोटा दाखला आहे हा, बाई. कुणी केला?"

"मी."

"गुन्हा आहे. हेडमास्तरांनाही बोलवावं लागेल."

मी हातातली फाईल पदराआड घेतली. (तिच्यावर 'आबा : हयात' अशी चिठ्ठी मीच डकवली होती.)

"सायेब, सून हाय माझी," आबा म्हणाले. "पावना दारात यायच्या आदी ही त्याची परतीची एस्टी बघून ठेवते. कपट नाय, खोड हाय."

साहेब हसले नाहीत. "उरलेले दाखले काढा."

मी काढले. त्यांनी एकेक मोजून फाडला. मग कोऱ्या कागदावर आजची तारीख घातली, पहिल्यांदाच आबांकडे नीट पाहिलं आणि शिक्का मारला.

"टपाल चारला निघतं. पळा."

पाकीट पेटीत पडलं तेव्हा कुठे मी श्वास सोडला. आबा मात्र बोटं मोजत उभे.

"किती फाडलं गं सायबानं?"

"सहा."

"सहाच? सातव्या वर्साला काय ठरवलं व्हतंस माझं?"

छापील फॉर्मच तेवढे उरले होते, असं मी देवाशपथ सांगितलं.

"आसंल," आबा म्हणाले. "पर त्यावर मामलेदाराची सही आण."