वाचनालयातला मुका टीव्ही

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे, की सावनेरकडच्या एका गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या टीव्हीची वाचा गेली होती. ती परत आणायची जबाबदारी सरकारने माझ्यावर, म्हणजे एका पान्ह्यावर आणि दोन स्क्रू-ड्रायव्हरवर, टाकली होती.

नागपुरात टीव्ही तेव्हा नवा-नवा आला होता. गावोगावी एकेक सामुदायिक सेट दिलेला असे. लाकडी कपाटात बंद, वर कुलूप. संध्याकाळी कुलूप उघडायचं, सगळ्या गावाने बघायचं. बिघडला की मी.

या गावाहून सरपंचांची कंप्लेंट आली, ‘चित्र येते, आवाज नाही.’ मी भर दुपारी गेलो. सरपंचांच्या माणसाने कुलूप काढून दिलं. दुपारी प्रसारण नसे, त्यामुळे पडद्यावर नुसत्या मुंग्या. पण स्पीकरमधून कढईत मिरची पडल्यासारखी सणसणीत खरखर आली. म्हणजे स्पीकर ठणठणीत. मी परतलो. आठवड्यात तीच कंप्लेंट पुन्हा! पुन्हा दुपार, पुन्हा मुंग्या, पुन्हा खरखर.

आमचे साहेब भडकले.

“काहून रे, तू तिथं दुरुस्ती करतो का हवा खाऊन येतो? आता कंप्लेंट आली तर सेट उचलून आण. कन्हानकडचे लोक सेटसाठी माझ्या डोक्यावर बसून राहिले.”

सेट परत आणायचा म्हणजे गावाची नामुष्की आणि माझीही. तिसऱ्या कंप्लेंटला मी संध्याकाळी गेलो. शेवटची एसटी चुकली तर चुकली.

वाचनालयाची एकच खोली. भिंतीवर पाटी, ‘शांतता राखा’. बल्बखाली दोन मुली मॅट्रिकची पुस्तकं घेऊन बसलेल्या. बाकी जमिनीवर माणसं दाटीवाटीने. मला बसवेना. मी दारापर्यंत जाई, परत येई, अँटेनाची वायर उगाच चाचपे. एक म्हातारी म्हणाली, “बस ना गा एका जागी! तुह्या पायात भिंगरी हाय का?”

इतक्यात ग्रंथपाल आले. दिवसा शाळेत गुरुजी, संध्याकाळी इथे. म्हणूनच दुपारच्या फेऱ्यांत त्यांची-माझी गाठ पडली नव्हती. त्यांनी कपाट उघडलं, बटण फिरवलं. टक्! आणि हात काढून घेतला.

त्या सेटला एकच बटण होतं. ‘टक्’ झालं की सेट चालू, आणखी उजवीकडे फिरवलं की आवाज. मी सवयीने ते पुरतं फिरवत असे. गुरुजी ‘टक्’पाशीच थांबले होते.

“गुरुजी, आवाज?”

“श्श!” त्यांनी पाटीकडे बोट केलं. “हे वाचनालय आहे.”

पडद्यावर पांढऱ्या शर्टातला एक तज्ज्ञ कपाशीचं पान हातात धरून तोंड हलवत होता. पुढच्या रांगेतला नामदेव न्हावी हलक्या आवाजात सांगू लागला, “साहेब म्हणून राहिले, पऱ्हाटीवर रोग नाही. मालकाची बायको माहेरी गेली, म्हणून पऱ्हाटी रुसली.” सगळी खोली तोंडावर हात दाबून हसली. आवाज न करता! पाटीचा मान राखून!

मी गुरुजींना ओट्यावर ओढलं. “तुम्ही कंप्लेंट का करता मग?”

“मी कुठे केली? ती सरपंचांनी. ते कधी बघायला येत नाहीत. लोकांनी त्यांना सांगितलं, सेट मुका आहे.”

“आणि तुम्ही गावाला सांगितलं नाही?”

“कोणी विचारलं नाही. या पोरींना गावात दुसरीकडे लाईट कुठे आहे? तुमचा टीव्ही बोंबलला तर यांनी वाचायचं कसं?”

यावर माझ्याकडे स्क्रू-ड्रायव्हर नव्हता. पण ओटा होता. चार गड्यांनी कपाट उचलून ओट्यावर मांडलं, मी वायर खिडकीतून बाहेर ओढली, माणसं अंगणात बसली. आत मुली. गुरुजींनी दार-खिडकी लावली, कुठे फट राहिली नाही ना ते बघितलं आणि नाराजीनेच मान हलवली. चालेल.

सरपंचांना मुद्दाम बोलावलं. मी बटण पुरतं फिरवलं. तज्ज्ञ दणदणीत बोलू लागला, “सदर कीटकनाशकाचे योग्य प्रमाणात मिश्रण करून शिफारशीनुसार फवारणी करावी...”

सरपंचांनी समाधानाने सही केली. कंप्लेंट बंद, सेट गावातच राहणार. त्या दिवसापासून मी एक शिकलो. यंत्र तपासण्याआधी ते चालवणारा कसं चालवतो ते बघावं, आणि दुरुस्तीनंतर टाळ्यांची वाट बघत उभं राहू नये. मी राहिलो होतो. अंगणात कोणी हसेना. मग ती भिंगरीवाली म्हातारी सगळ्यांदेखत ओरडली,

“बंद कर गा थे बटन! यापक्षा आमचा नामदेव बेस सांगे!”