शेवंताच्या नावावर माझा ईसीजी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही.

एका विद्यापीठाचं मधुमेह आणि हृदयरोगाचं संशोधन केंद्र आहे. त्यांच्यासाठी मी मोहाडीकडच्या गावांत फिरायचे. नाव नोंदवलेल्यांचं दरवर्षी उपाशीपोटी रक्त घ्यायचं, ईसीजी काढायचा. ईसीजीत काही निघालं, तर केंद्राची गाडी येऊन त्या माणसाला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायची. काम चांगलंच होतं. मी — मी चांगली नव्हते.

करडीत शेवंता नावाची बाई होती. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस. तिचं रक्त घेऊन झालं होतं, ईसीजी तेवढा राहिला होता. मी दोनदा गेले, दोन्हीदा ती भाताच्या बांधीत, चिखलात. तिसऱ्यांदा बांधावरून हाक मारली, तर वाकल्या वाकल्याच म्हणाली, "थांबा ना मॅडम, येवढी बांधी होऊ द्या. नाई तं या खाली, पाय भरले तं का होते?" सगळ्या बाया खदाखदा हसल्या. हसण्यासारखंच होतं ते. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. हिची जिरवायची — एवढंच मनात आलं.

समाजमंदिराच्या खोलीत गेले. दार लावलं, माझ्याच छातीला वायरी लावल्या आणि निघालेल्या ईसीजीवर तिचं नाव टाकलं. कंटाळा आला होता का? छे! मजा वाटली मला. आठवड्यानं 'नॉर्मल'चा कागद तिच्या नवऱ्याच्या हातात दिला — हसतमुखानं.

रोवणी संपायच्या आतच ती बांधीत कोसळली. उठलीच नाही. तिच्या ईसीजीत काय निघालं असतं? आता कुणाला कळणार?

मृत्यूचा फॉर्म भरायला केंद्रानं मलाच पाठवलं. नवरा भिंतीला टेकून बसला होता. "थे म्हने, छातीत दुखून रायलं. मीच म्हटलं — रिपोट तं नॉर्मल हाये, सोंग कायले करते? चाल रोवण्याले."

तेव्हा बोलता आलं असतं. एकच तर वाक्य होतं — नाही बोलले. खरं सांगू? मला हायसं वाटलं. दोष घ्यायला माणूस आयता मिळाला होता.

फॉर्मात मी लिहिलं — छातीत दुखत असूनही घरच्यांनी दुर्लक्ष केलं. मग, नियम आहे म्हणून, त्याला ते वाचून दाखवलं.

"बराबर हाये, मॅडम," तो म्हणाला, आणि त्यानं खाली सही केली.