वाचू नका, बघा

"वाचू नका, बघा," शेजारच्या जपानी आजी तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणायच्या आणि केरसुणीएवढा ब्रश दोन्ही हातांनी उचलायच्या.

नव्वदच्या दशकात आम्ही सिंगापूरला, पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये राहायचो. नवरा मरीन इंजिनिअर, त्यामुळे कितीतरी महिने जहाजावर. आजी मुलीकडे राहायला आलेल्या. जावई इथलाच, चिनी. घरात जागा नाही म्हणून त्या कॉरिडॉरमध्ये मोठा कागद अंथरून शाईने एकच अक्षर लिहीत. लिहीत कसल्या, अंगात आल्यासारख्या कागदावर धावून जात!

जपानी लिपीतली पुष्कळ अक्षरं मूळची चिनी. म्हणून समोरचे चिनी काका थबकून इथल्या ढंगात म्हणत, "हे कुठलं अक्षर? चुकलंय, लाह!" आजी खुदकन हसत आणि माझ्याकडे वळत. "तुम्ही सांगा. तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून तुम्ही नीट बघता."

एकदा मी म्हटलं, "कुणीतरी दार ढकलतंय असं वाटतं." त्या दिवशी आजींनी मला आत चहाला बोलावलं.

तेव्हा कळलं. युद्धानंतर क्योटोत त्या आणि त्यांची थोरली बहीण एकाच गुरूंकडे सुलेखन शिकत. परदेशी मासिकांतली अमूर्त चित्रं पाहून ती सगळी तरुण मंडळी भारावली होती. नुसते काळे फटकारे, थेट आपल्यासारखे! बहीण म्हणाली, मग अक्षर हवंच कशाला? आजी म्हणाल्या, अक्षर सोडलं तर ते चित्र झालं, लेखन नाही. कडाक्याचं भांडण झालं. बहीण पॅरिसला जाऊन चित्रकार झाली. पुढे दोघी कधी बोलल्या नाहीत.

"अजून राग आहे?"

"राग केव्हाच संपला. बोलायची सवयही संपली."

मग एके सकाळी निरोप आला. बहीण कायमची जपानला परतत होती, आमच्या चांगी विमानतळावर विमान बदलणार होती. "तुम्ही चला," आजी मला म्हणाल्या. एकटीने जायचा त्यांना धीर होईना.

बहिणीला व्हीलचेअरवरून बाहेर आणलं. तिची नजर जवळजवळ गेली होती. आजी समोर उभ्या राहिल्या. त्या वाकल्या, तिचा तळहात उघडला आणि त्यावर बोटाने सावकाश एक अक्षर काढलं.

बहिणीने ते मोठ्याने वाचलं. मग आजींचा हात गालाशी धरून ती रडू लागली.

परतताना मी विचारलं, "काय लिहिलंत?"

"थोरली बहीण. तुमच्या भाषेत काय म्हणता?"

"ताई."

"ताई," त्यांनी हळूच म्हणून पाहिलं.

महिन्याभरात आजी ताईला सांभाळायला क्योटोला गेल्या. शेजारी नवं कुटुंब आलं, दाराशी ऑर्किडच्या कुंड्या आल्या. नवरा जहाजावर असला की संध्याकाळ फार लांबायची. मी दार उघडून उभी राहायचे. कॉरिडॉरमध्ये कुणीतरी कागदावर वाकलेलं असावं, असं उगीचच वाटत राहायचं.