सिस्टरबाईंनी मोडलेलं ‘सावधान’

सिस्टरबाई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात शिट्टी होती. “सर, सिस्टरबाई सकाळी गेल्या…” त्यांचा भाचा म्हणाला, आणि माझ्याकडून उत्तर म्हणून गेली ती एक लांबलचक शिट्टी. तो बिचारा घाबरून “हॅलो, हॅलो” करत राहिला. शेजारणीशी बोलता बोलता, हातात चहाचा कप असताना गेल्या म्हणे. तळोद्यात जन्मभर परिचारिका म्हणून दुसऱ्यांची अंथरुणं बदलली, त्यामुळे स्वतः अंथरुणाला खिळायची त्यांना फार धास्ती होती. ती वेळ आली नाही. म्हणून आज काही आठवड्यांनी लिहिताना रडू कमी येतंय, सुटल्यासारखंच जास्त वाटतंय.

मी आश्रमशाळेत खेळाचा शिक्षक. ज्ञान बेताचं, शिस्त मात्र दांडगी. धाव संपली की मुलींनी रेषेपलीकडे ‘सावधान’मध्ये उभं राहायचं, वहीत सगळ्यांची वेळ लिहून होईपर्यंत हलायचं नाही, हा माझा नियम. या नियमाचा मला कोण अभिमान! नववीतली रमिला, सातपुड्यातल्या पाड्यावरची, सगळ्यांत वेगवान. एका सकाळी चारशे मीटरची चौथी धाव जीव तोडून धावली, सावधानमध्ये उभी राहिली आणि फळीसारखी आडवी झाली. अर्ध्या मिनिटात डोळे उघडून विचारते, “सर, वेळ किती?”

वेळ कुठली लिहिणार, मी त्याच वहीने तिला वारा घालत होतो. तिच्या दंडावर, पोटऱ्यांवर नसा टरारून फुगलेल्या. मी तिच्या वडिलांना फोन करून सांगून टाकलं, “हार्टचं दिसतंय. मुलींच्या नसा नाजूक असतात, फुटायच्या!” वैद्यकशास्त्राशी माझा संबंध आयोडेक्सपुरताच, पण सांगितलं छातीठोक. दुसऱ्या दिवशी वडील जीपने खाली आले. “सर, पळणं बंद. पोरीला घरी नेतो.” एकदा वर गेली की धावणं तर जाणारच होतं, शाळाही सुटणार होती. रमिला पेटी भरून दारात उभी. माझ्याकडे बघतही नव्हती…

शाळेमागच्या गल्लीत राहणाऱ्या सिस्टरबाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. कुणीतरी सांगितलं म्हणून चपला फटफटवत आल्या. “आधी तपासन्या, मंग तुन्हं भाषन,” मला म्हणाल्या, आणि बापलेकीला घेऊन दवाखान्यात गेल्या. हृदयाची ईसीजी पट्टी काढली, रक्त तपासलं, पाड्यांवर आढळणाऱ्या सिकलसेल आजाराचीही तपासणी झाली. सगळं स्वच्छ.

मग माझ्या खोलीत बसून त्यांनी रमिलाकडून सगळी हकिगत वदवून घेतली. ‘सावधान’ शब्द येताच माझ्याकडे वळल्या. “हात काढ, मास्तर.” ब्लडप्रेशरचा पट्टा माझ्या दंडाला आवळला आणि पाच मिनिटं तसाच ठेवला. हात पांढराफटक, बोटांना मुंग्या, मी कण्हतोय, रमिला तोंडावर ओढणी धरून हसतेय. पट्टा सोडताच रक्त धावलं, तळहात लालबुंद!

“देखं? रगत जोरमां उनं का नस मोकळी व्हस. धावनाऱ्या पोरीस्ना पायमां बी तेच व्हस. पाय हालतस तवलोंग रगत वर चढस. तू तिले उभी करस, मंग रगत पायमांच बठस, डोकाले कोठून मिळी? पोरले सावधान कर, पन रगतले कसं करशी?”

शिवाय मुलींच्या नसा नाजूक नसतात, सरावाने त्या अधिक तरबेज होतात, फक्त रोज रोज जीव तोडून पळवू नये, त्यांनाही एक दिवस हलका लागतो, हेही ऐकवलं.

वडिलांनी सावकाश विचारलं, “म्हणजे पोरगी चांगली, नियम वाईट?”

“हा. आनि नियम करनारा हाऊ समोर बठेल शे.”

चूक माझीच निघाली म्हणून देवाचे आभार मानल्याचा माझ्या आयुष्यातला तो एकमेव प्रसंग. वडील एकटेच जीपमध्ये चढले.

रमिला आता आमच्याच मैदानावर शाळेतल्या लहान मुलींचा सराव घेते. सिस्टरबाई गेल्याचा फोन आला त्या सकाळी त्या मुलींची चारशे मीटरची धाव नुकतीच संपली होती. मी म्हणालो, “मुलींनो, सिस्टरबाईंसाठी दोन मिनिटं… सावधान!”

“सर!” रमिला ओरडली. मग हळूच म्हणाली, “चालत.”

आणि आम्ही सगळ्यांनी मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. गप्प. चालत.