उसवलेली बटणं

माझा दादा शिंपी आहे आणि चांगला शिंपी आहे, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून सांगायचं तर तो हट्टी आहे आणि कौतुकाला हपापलेला आहे. त्याच्या दुकानात मी काजं करते. दुकान म्हणजे पुढे काउंटर, मधे दोन मशिनं, मागे पडदा आणि पडद्याआड इस्त्रीचं टेबल. गिऱ्हाईक शर्ट न्यायला आलं की दादा तो आधी उलटा करून दाखवतो. बाहेरून काय, कुणीही नीट शिवेल, आतली शिलाई बघा, असं त्याचं म्हणणं. लोक माना डोलावतात आणि दादा फुगतो.

बबडी ही त्याची एकुलती एक मुलगी. सोळा पूर्ण झाली, माझ्याहून उंच झाली, तरी बबडीच. तिला सगळं कळतं, पण सावकाश कळतं. बोलते कमी, आणि एका वेळी दोन कामं सांगितली तर दोन्ही राहतात. तिची शाळा अशाच मुलांची, सोळा वर्षं पूर्ण होईपर्यंतची. पुढे काय, हा प्रश्न दादानं दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलला होता.

शेवटी शाळेच्या बाईंनी दादा-वहिनीला समोर बसवलं आणि एकेक वाट सांगितली. बाहेरून परीक्षा देता येईल, लिहून देणारं माणूसही मिळेल, पण पुस्तकात तिचा जीव रमत नाही. शाळेच्याच कार्यशाळेत पाकिटं चिकटवायला बसता येईल. तिथं ती सुखरूप राहील, पण कायमची तिथंच राहील. नाहीतर शहराच्या दुसऱ्या टोकाला एक प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं शिवण शिकवतात आणि पुढे कामालाही लावून देतात. जागा मोजक्या, म्हणून मुलीनं स्वतः केलेलं काम घेऊन भेटायला जायचं. आणि यातलं काहीच नको असेल तर घर आहेच. वहिनी म्हणाली, घर सोडून काहीही चालेल. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. आईबाप थकल्यावर अशा मुलींचे काय हाल होतात, ते तिनं त्या खिडकीतून पुष्कळ पाहिलंय.

शिवण म्हटल्यावर दादाला चेव आला. शिंप्याची पोर आहे ती, जागा कशी देत नाहीत बघतो, असं तो घरी येईपर्यंत बडबडत होता.

आता दुकानात रोज काय चालायचं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बबडी शाळेतून आली की पडद्याआड बसून शर्टांना बटणं लावायची. जीभ दातात धरून, अगदी जीव ओतून. एका शर्टाला अख्खी संध्याकाळ जायची. बटण खुणेवरून जरा सरकायचं, दोरा फार व्हायचा आणि खाली त्याचा गोळा जमायचा. झालं की दादा म्हणायचा, "वा, फक्कड!" मग ती चहाला घरात गेली की हा बाबा ब्लेड घ्यायचा, सगळी बटणं उसवायचा आणि आपल्या पद्धतीनं, खाली दोऱ्याचे वेढे देऊन, नव्यानं लावायचा.

मी म्हणायचे, अरे, कुठं चुकतंय ते तिला दाखव ना. तो म्हणायचा, तिचं मन मोडेल. मी म्हणायचे, तिचं मन मोडेल की तुझं नाक कापलं जाईल, ते एकदा ठरव. त्यावर तो मशीन जोरात चालवायचा. एखाद्या गिऱ्हाइकानं विचारलंच की आत कोण बसलंय, तर हाताखालची मुलगी आहे, असं सांगून वेळ मारून न्यायचा. स्वतःच्या पोटच्या पोरीबद्दल! माझ्या डोक्यात तिडीक जायची. पडदा म्हणजे काही भिंत नव्हे, आतलं माणूस बहिरं नव्हे.

केंद्रात जायच्या दिवशी वहिनीला रजा मिळाली नाही, म्हणून मी सोबत निघाले. दादानं पिशवीत एक निळा शर्ट घातला. बटणं बबडीनं लावलेली, म्हणजे दादानं. हे काय चाललंय तुझं, असं मी विचारलं, तर म्हणाला, जागा मोजक्या आहेत, एकदा आत शिरली की शिकेल हळूहळू. बबडी दारात चपला घालून उभी होती. मी पिशवी उचलली आणि निघाले.

केंद्राची शिवणाची खोली लांबलचक होती. मशिनांच्या सुयांपुढे बोटं वाचवायला जाळ्या लावलेल्या. बबडीच्या वयाची मुलं-मुली पिशव्या शिवत होती, आणि आमच्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही. तिथं शिकवणाऱ्या बाई गळ्यात टेप अडकवूनच बाहेर आल्या. त्यांनी शर्ट हातात घेतला आणि पहिल्यांदा उलटा केला. दादा खूश झाला. मग त्यांनी नखानं एक बटण उचलून खालचे वेढे पाहिले.

"काम सुरेख आहे," त्या म्हणाल्या, आणि बबडीपुढे कापडाचा तुकडा, सुई, दोरा आणि एक बटण ठेवलं.

बबडीनं सुई ओवली. ओवायला वेळ लागला, पण ओवली. आम्ही बसून होतो. दादाची बोटं मांडीवर नुसती वळवळत होती. बऱ्याच वेळानं तिनं तुकडा पुढे केला. बटण कलंडलेलं, खाली दोऱ्याचा गोळा. बाईंनी तो तुकडा आणि शर्ट शेजारी शेजारी ठेवले. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"या शर्टाची बटणं कुणी लावली गं?" त्यांनी दादाला नाही, तिला विचारलं.

"बाबांनी," बबडी म्हणाली. "मी लावते. मग बाबा उसवतात. मग बाबा लावतात."

आवाजात तक्रार नाही, राग नाही. आधी कापड बेततात मग शिवतात, तसं हेही शिंपीकामातलंच एक काम, अशा सुरात तिनं सांगितलं. तिला पहिल्यापासून माहीत होतं. दादा 'फक्कड' म्हणायचा, तेव्हाही माहीत होतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी ती नवा शर्ट घेऊन बसायची.

दादाचे कान लाल झाले होते. मला त्याचा एवढा राग होता, पण त्याच्याकडे बघवेना. गिऱ्हाइकाला तसा शर्ट कसा देणार, असं काहीतरी तो बोलायला लागला आणि मधेच थांबला. मग खाली मान घालून म्हणाला, "मला लाज वाटायची."

हात कुठं ठेवावेत हेही त्याला सुचेना. कपड्यावरचा एक धागा तो उगाच चिमटीत धरून बसला.

बाई त्याला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान त्याला भांडता तरी आलं असतं. त्या म्हणाल्या, तीन महिने येऊन बघू दे तिला. बटण कसं लावते ते मी पाहिलंय, माझं काम तिथूनच सुरू होतं. फक्त घरून काही सुधारून पाठवायचं नाही. मग त्या बबडीकडे वळल्या आणि येशील का म्हणून विचारलं.

बबडीनं खूप वेळ विचार केला. "इथं उसवतं कोण?" तिनं विचारलं.

बाईंनी तो तुकडा परत तिच्या हातात दिला. मग म्हणाल्या, "चुकलं तर तूच उसवायचं. मी शेजारी बसेन."

"आणि नाही चुकलं तर?"

"मग तसंच राहू द्यायचं."

हे तिला नवीन होतं. ती दादाकडे वळली.

"बाबा, राहू द्यायचं?"

दादा हो म्हणाला, पण इतक्या हळू की तिला ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा विचारलं.