‘मागे’ नसलेला प्रोग्रॅम

बाळांनो, आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. दुपारी चहाला माझ्याकडे येतात. चहाचा कपसुद्धा त्या प्रयोगातल्या फ्लास्कसारखा मनगटातून गोल गोल फिरवतात आणि मगच पितात. माझ्या मेजपोशाचं काय होतं, ते मला विचारा.

मुलांच्या सरावासाठी त्यांनी स्वतः एक प्रोग्रॅम केला आहे. क्लिक केलं की पडद्यावरच्या ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या काचनळीतून, खालच्या फ्लास्कमध्ये थेंब पडतो. द्रावण फिक्कं गुलाबी झालं की थांबायचं. थेंब जास्त झाले तर ते गडद गुलाबी होतं, म्हणजे प्रयोग बिघडला; पण ‘मागे’ हे बटण दाबलं की रंग जातो.

परवा त्यांची सावनेरची विद्यार्थिनी त्यांना शोधत माझ्याकडे आली, ती रडतच.

“मॅडम, उद्या प्रॅक्टिकल हाय. आज लॅबमध्ये सगळं गडद झालं, अन् माझा हात माउस शोधून राहिला होता!”

“खरा फ्लास्क मागं जाते का वं?” असं म्हणत बाईंनी लॅपटॉप उघडला आणि ते बटणच काढून टाकलं. “आता कर. बिघडलं का पुन्हा पहिल्यापासून.”

पोरगी संध्याकाळपर्यंत बसली.

काल परीक्षेहून ती थेट इथेच आली. “मॅडम, फिक्कं गुलाबी आलं!”

बाईंनी आनंदाने कप असा फिरवला, की अर्धा चहा मेजपोशावर सांडला. ते बटण मला देऊन टाकलं असतं तर बरं झालं असतं.