रफू केलेली हिरवळ

रफूमामा हिरवळीवर कधी चालले नाहीत. ते तिच्यावर रांगायचे. गळ्यात शिंप्याची टेप, कानावर खडू, डोक्यामागे दोरीने बांधलेला चष्मा आणि गुडघ्यांखाली जुन्या कोटांच्या खांद्यांतून काढलेल्या दोन गाद्या, अशा थाटात हा सत्तरीचा माणूस सकाळी सातला आमच्या म्हैसूरच्या घरासमोर ओणवा व्हायचा. नेमका त्याच वेळी मी ऑफिसला निघालेला असायचो. येणारे-जाणारे आधी त्यांच्याकडे बघत, मग माझ्याकडे. म्हाताऱ्याला काय राबवतोय हा, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असे. कोण कोणाला राबवत होतं ते माझं मला माहीत.

मामा माझ्या बायकोचे, सुमनचे. तिचं माहेर म्हैसूरचंच, पिढ्यान्‌पिढ्या शिंपीकाम करणाऱ्या मराठी माणसांचं. मी सांगलीकडचा, नोकरीसाठी इथे आलो आणि इथलाच झालो. मामांचं बाजारात कोट शिवायचं दुकान होतं, पण त्यांचं नाव झालं ते रफूसाठी. सिगारेटने भोक पडलेली पँट त्यांच्याकडे टाकली, की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडत नसे. पुढे तयार कपडे आले, मामांच्या हातांना कंप सुटला आणि दुकान बंद झालं. मामी आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. चार दिवस राहतो म्हणून एक ट्रंक घेऊन ते आमच्याकडे आले आणि अकरा वर्षं राहिले.

ते आले तेव्हा घरापुढची हिरवळ जवळजवळ मेलेली होती. मीच मारली होती. वरची खोली बांधताना वाळू आणि खडी चार महिने तिच्यावर टाकून ठेवली होती, आणि उरलंसुरलं उन्हाने जाळलं. त्यातच मी एक जुनी मोटार घेतली. ती रस्त्यावर झाडाखाली उभी असे आणि झाडावरचे समस्त पक्षी तिच्यावर आपला राग काढत. म्हणून मी ठरवलं की पुढे कडाप्पा घालायचा आणि मोटार आत आणायची. मेस्त्री ठरला, फरशा येऊन कंपाउंडच्या भिंतीला टेकल्यासुद्धा.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मामांनी त्या फरशा पाहिल्या. मग वाकून चिमूटभर वाळकं गवत उपटलं आणि बोटांत चोळून बघितलं.

"जावईबापू, कापड चांगलं आहे की हो. नुसतं फाटलंय. टाकून काय म्हणून द्यायचं?"

"मामा, ते कापड नाही. गवत आहे."

"तेच म्हणायलोय मी. युगादीपर्यंत मला द्या. त्या दिवशी तयार झालेलं नसलं तर घाला फरशी. मी हुणसूरला धाकट्या भावाकडं जातो. काम नाही तिथं मी राहत नाही."

मी नाही म्हणणार होतो, पण सुमनने मला स्वयंपाकघरात ओढलं. "दुकान बंद केलं तेव्हा आठ दिवस मामा नीट जेवले नाहीत," ती म्हणाली. "हुणसूरला काय आहे त्यांना? एक खाट आणि तंबाखूचा वास. गाडी आत लावायची म्हणून माणूस बाहेर घालवणार काय तुम्ही?" मोटार आणि मामा असा हिशेब मी केलाच नव्हता. युगादी म्हणजे आपला पाडवा, महिन्याभराचाच प्रश्न आहे, असं म्हणून मी कबूल झालो.

त्या महिन्याने मला दहा वर्षांनी म्हातारं केलं. पहिल्या दिवशी मामांनी सगळं अंगण टेपने मोजलं आणि वाळक्या जागांना नावं दिली. फाटकाजवळचं ते कोपर, पायरीपाशी गुडघा, भिंतीच्या खाचेतली काख. प्रत्येक जागी काडीला जुन्या सुटाच्या कापडाची चिंधी बांधून खूण केली. मग लांब खिळे ठोकलेली एक फळी तयार झाली. ती जमिनीवर ठेवून, तिच्यावर आपला सगळा भार टाकून, ते हातभर हातभर सरकत जमिनीला भोकं पाडत गेले. "श्वास घेऊ दे तिला," म्हणायचे. त्या भोकांत तांबडी माती, बारीक वाळू आणि शेणखत चाळून भरलं. चाळायला पिठाची चाळणी घेतली होती. ती कोणाच्या घरातली, हे सांगायची गरज नसावी.

पाणी एक दिवसाआड यायचं. मामांनी न्हाणीघराची मोरी नळी जोडून हिरवळीकडे वळवली आणि मला हुकूम सोडला, "साबण बेडा. डाळीच्या पिठानं आंघोळ करा." बेडा म्हणजे नको. त्यांच्या मराठीत निम्मी कानडी मिसळलेली असायची आणि नकार तर नेहमी कानडीतच यायचा. एक महिना मी अंगाला बेसन लावून ऑफिसला गेलो. टेबलापलीकडचा माणूस एकदा म्हणाला की तुमच्याजवळ बसलं की भजी खावीशी वाटतात.

त्याच ऑफिसात माझी आणखी एक फजिती झाली. एका सकाळी मामा आत येऊन हळूच म्हणाले, "जावईबापू, कोपरापाशी हसरू झालंय." मी ऐकलं हसरं. मला एकदम भरून आलं. इतका तिरसट माणूस, पण आतून कवी! हिरवळ हसरी झाली म्हणतो! मी ही गोष्ट ऑफिसात चारचौघांना सांगितली, आणि एक कानडी सहकारी हसता हसता खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. हसरू म्हणजे कानडीत हिरवं. मामा फक्त एवढंच सांगत होते की तिथे हिरवं झालंय. त्यानंतर मी त्यांच्यात कवी शोधायच्या भानगडीत पडलो नाही.

खरं भांडण झालं ते गवताच्या गालिच्यांवरून. नर्सरीत हिरवळीचे तयार तुकडे मिळतात. आणले आणि अंथरले की दोन दिवसांत काम संपतं. युगादीला पंधरा दिवस उरले होते, निम्मं अंगण अजून तांबडं होतं, म्हणून मी स्वतः जाऊन चार तुकडे घेऊन आलो. मामांनी ते बघितले आणि तोंड फिरवलं.

"ठिगळ लावायचं असतं तर मला कशाला काम दिलंत?"

"पण लवकर होईल ना!"

"रफूचा दोरा त्याच कापडातला पाहिजे. शिवण उसवायची, आतल्या दुमडीतला दोरा काढायचा, त्यानंच भरायचं. परका दोरा दुसऱ्या धुण्यात ओळखू येतो." असं म्हणून त्यांनी माझे चार तुकडे शेजाऱ्यांना देऊन टाकले. स्वतः मात्र पाण्याच्या टाकीमागून, मेंदीच्या कुंपणाखालून, जिथे कोणाची नजर जात नाही तिथून आमच्याच हरळीचे बोटभर ठोंब मुळासकट उचलायचे आणि टाचणी-टाचणीच्या अंतराने वाळक्या जागी लावत बसायचे. दिवसाकाठी परातीएवढी जागा भरून व्हायची. हात थरथरायचे म्हणून एक ठोंब लावायला तीन-तीनदा प्रयत्न करायचे. मदत करू का विचारलं की "स्वल्प लांब थांबा, सावली पडतेय," एवढंच उत्तर.

आणि पाय ठेवायला बंदी! गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन भिंतीला चिकटून यायचा. माझे साहेब एकदा सहज घरी आले, तर मामांनी त्यांना फाटकातच थांबवून बुटांचे तळवे दाखवायला लावले. साहेबांनी दाखवलेही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते माझ्याशी जरा कमीच बोलले. मी संध्याकाळी मामांवर मनसोक्त ओरडलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टाचेला खिळा होता त्यांच्या."

युगादी उजाडली. मी गुढी उभारली, सुमनने सगळ्यांच्या हातावर कडुलिंब आणि गूळ ठेवला. मामा आंघोळ करून, पांढरं धोतर नेसून, पायरीवर उभे होते. अंगण बघून मी थक्क झालो. महिन्यापूर्वीची ती खरूज लागलेली जमीन राहिलीच नव्हती. कोपर कुठे होतं ते कळत नव्हतं, काख भरून आली होती. फक्त गुडघ्यापाशी ताटाएवढ्या तीन जागा अजून उघड्या होत्या. मी काही चांगलं बोलणार, तेवढ्यात माझं लक्ष मामांच्या पायाशी गेलं. तिथे त्यांची ट्रंक होती.

"झालेलं नाही," मामा म्हणाले. "मेस्त्रीला बोलवा."

"अहो, तीन ताटं फक्त!"

"तीन असू दे नाही तर एक असू दे. दिलेल्या दिवशी काम तयार नसलं तर गिऱ्हाइकानं कापड परत न्यावं. चाळीस वर्षं मी असंच दुकान चालवलं. दहाची बस आहे हुणसूरची."

सुमन रडायला लागली. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर या माणसाने मला माझ्याच अंगणात पाय टाकू दिला नव्हता, बेसनाने आंघोळ करायला लावली होती, साहेबांचे बूट तपासले होते. आणि आता ती हिरवळ जगली, मला आवडायला लागली, तेव्हा हा तिच्यावर फरशी घाला म्हणतो! त्यांचीच हिरवळ वाचवायला मी त्यांच्याशीच भांडत होतो. मेस्त्री येणार नाही म्हणालो, मोटार विकतो म्हणालो, मामांवर काही परिणाम नाही. त्यांनी ट्रंक उचललीसुद्धा. तेव्हा मी संतापून ओरडलो, "मग ट्रायल कुठे आहे? ट्रायल न देता कोणता शिंपी डिलिव्हरी देतो? आज फक्त ट्रायल आहे!"

मामा थांबले. मग ट्रंक खाली ठेवली.

"ट्रायल गिऱ्हाइकानं अंगात घालून बघायची असते," ते म्हणाले. "चप्पल काढा."

मी अनवाणी हिरवळीवर उतरलो. मामा माझ्यामागून गुडघ्यांवर सरकत येत होते, मान तिरकी करून माझ्या पावलांकडे बघत विचारत होते, "कुठं ओढतंय काय? सैल वाटतंय?" मी म्हणालो, "इथे गुडघ्यात टोचतंय." त्यांनी तिथे काडी रोवली आणि चिंधी बांधली. सुमनने तेवढ्यात ट्रंक आत नेली.

त्यानंतर दर युगादीला ट्रायल झाली. डिलिव्हरी एकदाही झाली नाही. दरवर्षी वसंत आला की ती खिळ्यांची फळी निघायची, माझा साबण बंद व्हायचा, आणि मी चिडचिड करत फिरायचो. मोटार अखेरपर्यंत झाडाखालीच राहिली आणि तशीच पांढऱ्या ठिपक्यांसकट विकली गेली. दरवर्षी मी चालून काही ना काही खोट काढायचो आणि मामा माझ्यावर वैतागत ती दुरुस्त करायला लागायचे. दोघांचंही त्यात बरं चाललं होतं.

शेवटच्या वर्षी त्यांना दम लागायला लागला. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट टाकली होती. खिडकीतून ते आरडाओरडा करायचे आणि मी आणि सुमन बाहेर ओणवे होऊन त्यांच्या शिव्या खात ठोंब लावायचो. सुमन हसायची, मी नाही. युगादीच्या सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज जेमतेम फुटत होता. "जावईबापू, ट्रायल घेऊन या."

मी बाहेर गेलो, चपला काढल्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. पायाखाली कुठेही काही लागलं नाही. पुन्हा चाललो, मुद्दाम भिंतीकडेने, टाकीमागून. हिरवळ सगळीकडे सारखी, दाट, एकजीव झालेली होती. मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. अकरा वर्षं ज्या माणसाने मला छळलं, त्याचं काम पुरं झालं होतं, आणि हे आत जाऊन त्याला सांगायचं मला धैर्य होईना. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं.

मी आत गेलो. मामांनी डोळे उघडले.

"काखेत जरा ओढतंय," मी म्हणालो.

"अय्यो," ते पुटपुटले. "तुम्हाला काही म्हणून बरोबर बसत नाही. खूण करून ठेवा. बघतो उठून."

मी परत बाहेर गेलो, भिंतीच्या खाचेत, चांगल्या हिरव्यागार गवतात काडी रोवली आणि तिला चिंधी बांधली. खिडकीतून ते बघत होते, म्हणून गाठ नीट मारली. मामा काही उठले नाहीत. त्या जागेत काहीसुद्धा बिघडलेलं नव्हतं.